हिंगण्यात दुपारी रात्र असते

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल आदर वाटण्याची तुम्हाला भीती राहणार नाही. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, दोन लेकरांची आई असताना आणि नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत 'माणूस पारखावा तर मालतीबाईंनी' अशी ख्याती असताना, मी एका झोपलेल्या माणसाला उठवलं आणि त्याला दारुडा ठरवून घरी आले.

झालं असं. माझी धाकटी बहीण शालू सव्वीस वर्षांची झाली होती. वडील नव्हते, आई अंथरुणावर; दोघी माझ्याच घरी राहायच्या. म्हणून तिच्या लग्नाचं माझ्याकडे आणि आमच्या यांच्याकडे आलेलं. हिंगण्याच्या एका कारखान्यात टर्नर असलेला प्रभाकर नावाचा मुलगा आपल्या मामासोबत येऊन तिला पाहून गेला होता. मूळची माणसं कुहीकडची, धानाची शेती. नोकरीसाठी हा इकडे आलेला, घरात तो आणि त्याची आई. आई त्या दिवशी आली नव्हती. रिकामी कपबशी परत ठेवताना 'चहा छान झाला' हे त्यानं शालूलाच सांगितलं, आम्हाला नाही. त्या संध्याकाळी शालू भांडी घासताना गुणगुणत होती. ही मुलगी गुणगुणते हेच मला सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

एवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण 'घर पाहायचं तर न सांगता जावं, सांगून गेलं की सारवलेलं दिसतं' असं आमच्या आत्याबाई म्हणत. तेव्हा मी एका मंगळवारी कोणाला न सांगता बसनं एकटी हिंगण्याला गेले. एकटी! केवढं ते धाडस, असं मीच मला वाटेत दोनदा सांगितलं.

साडेअकराला त्यांच्या दारात पोचले. दार बंद, आणि दाराच्या कडीला एक काळंकुट्ट तेलकट फडकं गुंडाळलेलं. म्हटलं, शी, काय ही घाण! दोन बोटांत धरून मी ते सोडलं, नालीत टाकलं आणि कडी अशी खणाखणा वाजवली की समोरच्या घरातलं लेकरू रडायला लागलं. बऱ्याच वेळानं दार उघडलं. समोर प्रभाकर. डोळे लालभडक, केस उभे, बनियन उलटं घातलेलं, एका हातानं चौकट धरलेली आणि तरीही डुलतोय. अंगाला कसला तरी उग्र वास. "माय नाही घरी... दळाले गेली," एवढं डोळे मिटूनच म्हणाला आणि मी काही बोलायच्या आत दार लोटून घेतलं.

भर दुपारी, बारा वाजायच्या आत, तर्र! मी आल्या पावली परत फिरले. घरी येऊन जे पाहिलं ते सांगितलं, आणि जे नव्हतं पाहिलं तेही सांगितलं. आमच्या यांनी सभ्यपणे पत्र टाकलं की 'पत्रिका जुळत नाही, क्षमस्व'. शालूचं गुणगुणणं तेवढं थांबलं.

पंधरा-वीस दिवसांनी माझी शाळेतली मैत्रीण विमल एका लग्नासाठी महालात आली. तिचे यजमान भाऊराव हिंगण्याला दुसऱ्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. बोलता बोलता कळलं की ती त्याच ओळीत राहते.

"प्रभाकर? आणि दारू?" विमल म्हणाली. "अवं, तो सुपारी खात नाही!"

"मी या डोळ्यांनी पाहिलं. बारा वाजता दिवसा झोपलेला. वासही येत होता."

विमलनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आमच्या बाई गणिताचा पेपर परत देताना पाहायच्या. "मालू, त्याची रातपाळी होती वं. रातच्या अकराले जाते, सकाळी सातले सुटते. तो बाराले झोपणार नाही त काय भजन करणार? आणि वास रॉकेलचा. मशीनचं ऑइल हाताले लागते, ते साबणानं निघते का? रॉकेलनं हात धुते सारे."

ती पदर तोंडाशी धरून हसली. मी पण हसले, थोडं. मग स्वयंपाकघराच्या दारात शालू दिसली, कणकीचे हात तसेच. तिनं सगळं ऐकलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "मोडलं तू. आता जाऊन सांग तू."

विमल म्हणाली, "ये माझ्याकडे. कुरड्या करायच्याच आहेत, सहा दिवस राहा."

आता माझ्या प्रवासाला सुरुवात होते. बद्रीकेदारला जाणाऱ्यांनी हसू नये. अंतर चौदा-पंधरा किलोमीटरचं होतं हे खरं, पण मी इतकी लांब त्याआधी आणि त्यानंतर कधी गेले नाही.

सीताबर्डीहून पुढे

महालातून सायकलरिक्षानं सीताबर्डी, तिथून बस. वैशाख लागलेला. सकाळी नऊलाच बसचा दांडा हाताला चटका देत होता. मागच्या वेळी मी खिडकीतून काही पाहिलंच नव्हतं; मनात पारखायचं एवढं होतं की पाहायला जागा नव्हती. या वेळी पाहिलं. अंबाझरीचं पाणी मागे पडलं की शहर हळूहळू अंगावरचे दागिने उतरवून ठेवतं. माड्या संपतात, झाडं विरळ होतात, मुरमाड जमीन आणि पळसाची झाडं सुरू होतात. आणि मग एकदम, कोणी शेतात पेरल्यासारखे, पत्र्याचे लांबच लांब कारखाने. त्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी. एका वळणावर तापल्या लोखंडाचा वास, पुढच्या वळणावर रंगाचा, आणि मधेच कुठून तरी बिस्किटं भाजल्याचा गोड वास.

माझ्यापुढे एक माणूस उभ्या उभ्या झोपला होता. दांड्याला लोंबकळून, डबा छातीशी धरून, अगदी गाढ. त्याचा थांबा आला तेव्हा कंडक्टरनं त्याला हलवलं नाही की ओरडला नाही. नुसतं हळूच 'कारखान्याचं गेट' म्हणाला. माणसानं डोळे उघडले आणि उतरून गेला. महिनाभरापूर्वी हाच माणूस दिसता तर मी काय म्हटलं असतं ते तुम्हाला माहीत आहे.

विमलच्या ओळीत समोरासमोर दहा-दहा खोल्या होत्या, शेवटी एक मोठा निंब आणि त्याच्याखाली सगळ्यांचा मिळून एक नळ. पाचवं दार प्रभाकरचं; त्याच्या कडीला फडकं बांधलेलं दिसलं. नवीन होतं.

"हे काय असतं गं?" मी विचारलं.

"आतमधी रातपाळीवाला झोपला आहे, कडी वाजवू नका," विमल म्हणाली. "वाजवली तरी वाजू नये म्हणून कडीलेच गुंडाळतात. कारखान्यातला बोळा असते, मशीन पुसायचा. तुले काय वाटलं होतं?"

मला काय वाटलं होतं ते मी तिला सांगितलं नाही. नालीकडे मात्र एकदा नजर गेली.

ओळीत विमलनं माझी ओळख 'शाळेतली मैत्रीण, महालची' एवढीच करून दिली. हा माझाच बेत होता. आधी प्रभाकरच्या आईशी जरा जवळीक करायची आणि मग योग्य वेळ पाहून सांगायचं. भित्र्या माणसाला योग्य वेळ फार लांबवर दिसते.

एका ओळीत तीन वेळा

महालात सकाळ झाली की ती सगळ्यांची होते. देवळातली घंटा, दूधवाला, शाळेची घाई. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच वेळ. गिरणीचा भोंगा आम्हालाही ऐकू यायचा, पण दुरून, आणि आम्ही त्यावर घड्याळं लावायचो. तो कोणाला बोलावतो आणि कोणाला सोडतो हे विचारायचं माझ्या कधी मनातही आलं नाही.

इथं भोंगा वाजला की अर्धी ओळ घरी यायची आणि अर्धी निघायची. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दात घासायला अंगणात आले तर शेजारचे गणपतराव पाटावर बसून वरण-भात, वांग्याची भाजी आणि वर पाटवडी असं साग्रसंगीत जेवत होते. हे त्यांचं रात्रीचं जेवण. पलीकडे विमलचे भाऊराव सकाळच्या पाळीला सायकलवर टांग टाकून गेलेले. आणि समोरच्या घरात दुपारपाळीवाला निवांत पेपर वाचत बसलेला. त्याचा दिवस तीनला सुरू होणार. बायका मात्र तिन्ही पाळ्यांना हजर. चूल विझलेली मी त्या ओळीत पाहिली नाही.

महालचा पाहुणचार दाखवायला मी पहिल्याच सकाळी एक कामगिरी केली. गणपतराव जेवून उठले तेव्हा मी त्यांना आलं घातलेला कडक चहा नेऊन दिला. बिचाऱ्यांनी संकोचानं पिऊन घेतला. अकरा वाजता त्यांची बायको दारात.

"महालच्या बाई, माह्या नवऱ्याले काय पाजलं तुम्ही? ह्या कुशीवरून त्या कुशीवर होऊन राहिला. आता माळ्यावरचे डबे मोजून राहिला!"

"चहा दिला हो. सकाळी..."

"तुमची सकाळ असन! इकडे चहा देण्याच्या पहिले इचारा लागते, उठून आले का निजाले चालले?"

ओळीभर हशा पिकला. एका महिन्यात मी हिंगण्यातली दुसरी झोप मोडली होती. पहिलीचा पत्ता विमलशिवाय अजून कोणाला नव्हता.

राखण

प्रभाकरच्या आईचं नाव कौसाबाई. उंच, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट, बोलणं कमी पण बोललं की लक्षात राहणारं. तिसऱ्या दिवशी कुरड्यांचा चीक घाटायला विमलनं त्यांना बोलावलं. गव्हाचा चीक चुलीवर रटरटतोय, आम्ही तिघी घामानं निथळतोय, आणि तेवढ्यात कौसाबाई उठल्या. "पडदे वाळले असतीन."

मी मागोमाग गेले. त्यांच्या घराच्या दोन्ही खिडक्यांना गोणपाटाचे पडदे होते. आत प्रभाकर झोपलेला. कौसाबाई बाहेरून तांब्यानं पडद्यावर पाणी सोडत होत्या, धार अशी की थेंबाचाही आवाज होऊ नये. वैशाखातल्या नागपुरी दुपारी पत्र्याखाली झोपायचं म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून कळणार नाही. दर पाऊण तासाला पाणी. अशा दिवसाच्या दहा फेऱ्या.

"तुम्ही कधी झोपता?" मी विचारलं.

"तो पाळीले गेला का मंग," त्या म्हणाल्या. "धानाची राखण केली आहे ना जलमभर. तिकडे पाखरं हाकलाचो, इकडे आवाज हाकलतो. सारखंच आहे."

आणि खरंच ओळीत राखण असायची. ज्यांची माणसं सकाळपाळीला गेली त्या बायका निंबाखाली बसायच्या. कल्हईवाला आला, भंगारवाला आला, की त्यांना रस्त्यावरूनच वळवायच्या. पोट्ट्यांना खेळायला निंबापलीकडे. त्या दुपारी विमल चिकात अडकलेली म्हणून तिच्या जागी मी बसले. आता काय व्हावं? सिनेमाची जाहिरात करणारा सायकलरिक्षा आला. दोन्ही बाजूंना रंगीत फलक, वर कर्णा, आणि आतला माणूस 'आज ही देखिये' म्हणून असा बोंबलतोय की निंबावरचे कावळे उडाले.

मी पदर खोचून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. महालातल्या कोणी पाहिलं असतं तर सासूबाईंना बातमी पोचायला सायकल लागली नसती.

"ओ भैया, बंद करो! लोग सो रहे हैं!"

"अरे बाई, दुपारचे दोन वाजले," तो मराठीत आला. "कोण झोपलं?"

"रातपाळीवाले."

"मग मी काय करू? मालक मले बोंबलाचेच पैसे देते."

"इथून निंबापर्यंत नको बोंबलू. हे घे, कैरीचं पन्हं पी."

त्यानं एक पेला संपवला, मग दुसरा मागितला. "बाई, अजून एक द्याल त वापसीलेही चुप जाईन." आणि गेला, कर्णा बंद, सायकलची साखळीसुद्धा हळू वाजवत.

कौसाबाई खिडकीपाशी उभ्या राहून पाहत होत्या. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा 'बस' म्हटलं. त्यांच्या ओट्यावर, सावलीच्या बाजूला.

कौसाबाईंच्या ओट्यावर

ओट्यावर बसून आम्ही कुरड्यांवर फडकं पांघरत होतो. मी घसा खाकरला. योग्य वेळ हीच, असं मनाशी म्हणाले. पण बोलल्या त्याच.

"महालचं एक ठिकाण आलं होतं परभाकरसाठी. पोरगी चांगली होती म्हणे, मी नाही पाह्यली. पण त्याले आवडली. त्यायनं चिठ्ठी धाडली, पत्रिका जुळत नाही." त्या थांबल्या. "आम्ही पत्रिका देल्लीच नव्हती."

मी फडक्याची सरळ कडा पुन्हा सरळ केली. आमचे हे असे. खोटं बोलायलाही धड येत नाही.

"बरं झालं म्हणा," कौसाबाई पुढं म्हणाल्या. "त्याच हप्त्यात पोराचं बोट गेलं. नवी पोरगी घरात आली असती त अपशकुनी म्हटलं असतं तिले लोकायनं."

"बोट?"

"डाव्या हाताचं, पहिलं. एक पेर. मशीनमंधी." आपल्या बोटावर दुसऱ्या हाताच्या नखानं त्यांनी रेघ ओढून दाखवली. "मंगळवारची गोष्ट. मी दळाले गेली होती. कोणी बाई आली, कडीचं फडकं सोडलं आणि कडी वाजवली, वाजवली, वाजवली. शेजारणीनं आवाज ऐकला, तोंड नाही पाह्यलं. पोरगं जे उठलं ते पुन्हा डोळ्याले डोळा लागला नाही. उन्हाची आग लागलेली. तसंच रातच्या पाळीले गेलं. पहाटे डुलकी लागली असन." त्यांनी शेवटची कुरडई झाकली. "कोण होती रांड, कोण जाणे. तिचं कधी भलं होणार नाही."

मंगळवार.

मी तिथून कशी उठले ते आठवत नाही. विमलच्या घरी येऊन पाण्याचा आख्खा तांब्या तोंडाला लावला. हिंगण्याला येताना मी एक गैरसमज पदरात बांधून आणला होता; तो हसत हसत सोडायचा, सगळ्यांनी मला चिडवायचं आणि सनई वाजायची, असा माझा बेत. आता पदरात हे निघालं.

विमलला सांगितलं. बोट गेल्याचं तिला माहीत होतं, सोयरीक अडू नये म्हणून ती बोलली नव्हती; पण ती कडी वाजवणारी मी, हे नवीन होतं. तिनं चिकाचं पातेलं चुलीवरून उतरवलं.

"बोलू नको," ती म्हणाली. "शालूची सोयरीक जुळवायची असन त हे बोलू नको. तू शालूची बहीण आहे एवढं सांग, दारूचा गैरसमज झाला सांग. त्या मंगळवारी आली होती ते नको सांगू. कोणाले माहीत आहे?"

एकाला होतं.

शुक्रवार आणि शनिवार

शुक्रवारी संध्याकाळी नळावर प्रभाकर भेटला. झोप होऊन उठलेला, अंघोळ केलेला, केस पाण्यानं बसवलेले. हाच का तो, असं वाटावं इतका वेगळा. कळशी उचलताना डाव्या हाताचं आखूड बोट त्यानं बाकीच्या बोटांआड ठेवलं होतं. त्यानं मला पाहिलं, आणि मला कळलं की त्यानं ओळखलं. शालूला पाहायला आला तेव्हा समोर मीच तर बसले होते. आणि मंगळवारी दारातही.

"नमस्कार, ताई," एवढंच म्हणाला. "पन्ह्यावाल्या तुम्हीच ना? काल लय झोप झाली."

मागून कौसाबाई आल्या. ओळीत कोणा पाहुणीनं पुन्हा कुणाची तरी कडी वाजवली होती, त्यावरून त्यांना ती मंगळवारची बाई आठवली, आणि त्यांनी तिच्या सात पिढ्यांची विचारपूस सुरू केली. मी कळशीत बघत उभी. कळशी भरून वाहत होती.

"जाऊ दे ना, माय," प्रभाकर म्हणाला. "कोणी विकणारीण असन. मले तिचं तोंडही आठवत नाही."

आणि त्यानं माझी वाहणारी कळशी नळाखालून सरकवली.

त्या रात्री मला झोप आली नाही. हिंगण्यानं माझा हिशेब असा चुकता केला. विमलचं म्हणणं खोटं नव्हतं. गप्प बसले तर शालूचं लग्न जुळण्याची आशा होती. पण शालूला मी कोणाच्या घरी पाठवणार होते? आपल्या आईशी माझ्यासाठी खोटं बोललेल्या मुलाच्या घरी. त्या घरात कौसाबाई वर्षानुवर्षं त्या बाईला शिव्या देणार, प्रभाकर दर वेळी 'विकणारीण असन' म्हणणार, आणि मी दिवाळीला शंकरपाळ्यांचा डबा घेऊन तिथं जाणार, गोड हसत. हे मला जमलंही असतं. तेवढी मी तयार होते. याचीच जास्त भीती वाटली.

शनिवारी दुपारी, तो आत झोपलेला असताना, मी कौसाबाईंच्या हातातला तांब्या घेतला आणि पडद्यावर पाणी सोडायला लागले. पाठ त्यांच्याकडे होती. तोंडाकडे पाहून बोलण्याइतकी हिंमत माझ्यात तेव्हाही नव्हती.

"मी शालूची मोठी बहीण. महालची, पत्रिकावाली," मी हळू आवाजात म्हणाले. "त्या मंगळवारी कडी मीच वाजवली. तुमचा मुलगा दारू प्यायला असं समजून मीच लग्न मोडलं. शालूला यातलं काही माहीत नव्हतं. प्रभाकरनं मला ओळखलं, पण तुम्हाला सांगितलं नाही, माझी लाज राखायला."

ओरडताही येत नव्हतं त्यांना, पोरगा झोपला होता. मी वळले. कौसाबाईंचा चेहरा कोरड्या विहिरीसारखा. त्यांनी पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला.

मग म्हणाल्या, "तो कोपरा कोरडा राह्यला. तिथं टाका पाणी."

मी टाकलं. त्या आत गेल्या आणि दार आतून लावलं, अजिबात आवाज न करता.

परत महालात

रविवारी निघाले तेव्हा विमलनं कुरड्यांचा डबा दिला आणि लगेच चुलीकडे वळली. कौसाबाईंच्या कडीचं फडकं सोडलेलं होतं, म्हणजे घरात सगळे जागे. दार मात्र बंदच होतं. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, तरी बाहेर न बघता मी सबंध वाट उतरायच्या दाराकडे बघत बसले.

घरी शालूला सगळं सांगितलं. बोटासकट. ती ऐकत राहिली, आणि मग जे बोलली त्यासाठी मी तयार नव्हते.

"चार दिवस गप्प राहिलीस ना ताई? मग पाचव्या दिवशी काहून बोललीस?" तिचे डोळे भरून आले होते. "तुझं मन हलकं झालं. माझं काय?"

खरं बोलल्याची किंमत बोलणाऱ्यालाच द्यावी लागते असं कुठं असतं? ती किंमत मी सव्वीस वर्षांच्या दुसऱ्याच मुलीला द्यायला लावली होती. मग तिनं विचारलं, "फार दुखत असेल का गं बोट?" आणि उत्तराची वाट न पाहता आईला औषध द्यायला गेली.

दोन रविवार कोरडे गेले. तिसऱ्या रविवारी सकाळी आमच्या दारासमोर सायकलरिक्षा थांबला. प्रभाकर उतरला, मग कौसाबाई. नवं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत कुहीचे तांदूळ. आमचे हे घाईघाईनं टोपी शोधायला लागले आणि सापडल्यावर ती उलटी घातली.

कौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या सरळ आईच्या खाटेपाशी गेल्या, तिच्या पायांना हात लावला आणि शालूला समोर बसवलं.

"पोरी, माह्या घरी तीन हप्त्यातून एक हप्ता दिवसाची रात राह्यते. तवा रेडिओ नाही लावता येत, मोठ्यानं हासता नाही येत, शेजारपाजारच्या बाया घरी नाही बोलावता येत. उन्हाळाभर पडद्याले पाणी. निभवशीन?"

शालूनं प्रभाकरच्या हाताकडे पाहिलं. या वेळी त्यानं बोट लपवलं नव्हतं.

"पाणी मी टाकीन," शालू म्हणाली. "पण यांनी कोणासाठी तुमच्याशी खोटं बोलायचं नाही. माझ्या बहिणीसाठीपण नाही."

कौसाबाईंच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. अर्धंच, पण आलं. प्रभाकरनं मान खाली घातली आणि आमच्या यांनी टोपी सरळ केली. पेढे आणायला धावाधाव झाली. मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले आणि चुलीशी उगाच धूर करत बसले, डोळ्यांना काही तरी कारण हवं म्हणून.

पावलं वाजली. कौसाबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मी उठून त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी खांद्याला धरून मला तिथंच थांबवलं. आणि जे म्हणाल्या ते तसंच्या तसं लिहिते, कारण त्यात मला काही कमी-जास्त करता येत नाही:

"बोट मशीननं घेतलं, ते मी तुमच्या माथी मारत नाही. पण झोप तुम्ही मोडली, ते तुमचंच, ते मी कोणाले देत नाही. आता सोयरे झालो, येत जा. बहिणीचं घर आहे, हक्कानं येत जा. फक्त निघण्याच्या पहिले इचारून घेत जा, बाई, आमच्या घरी रात आहे का दिवस."